मिश्र माध्यमातील ‘क्रुसाची वाट’: साहित्याची निवड आणि टिकाऊपणा याबाबत मार्गदर्शन हवे

रंगपेटी

नमस्कार. मी वसई तालुक्यात राहतो आणि मिश्र माध्यमात, म्हणजे रंगाबरोबर कापड, कागद, लाकूड, धातू अशा वस्तू फलकावर बसवून, ख्रिस्ती विषयांवर काम करतो. पुढील प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) सभागृहात लावण्यासाठी ‘क्रुसाची वाट’ ही चौदा फलकांची मालिका मी हाती घेतली आहे. येशूला शिक्षा होण्यापासून त्याच्या दफनापर्यंतचे चौदा प्रसंग, म्हणजे ‘स्थाने’, त्यांत येतात आणि प्रत्येकासमोर थांबून प्रार्थना करतात. प्रत्येक फलक प्लायवूडचा असून तो दोन फूट उंच आणि दीड फूट रुंद आहे. फादरांनी होकार देताना एकच अट घातली. लोकांना या फलकांसमोर उभे राहून प्रार्थना करता आली पाहिजे. नुसते ‘छान झाले आहे’ म्हणून पुढे सरकावे, असे ते काम नसावे.

माझ्याकडे जमलेले साहित्य असे आहे. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमधून घरी आणलेल्या आणि वर्षभर क्रुसामागे खोचून ठेवलेल्या वाळक्या झावळ्या. आजीच्या पिढीतील स्त्रिया नेसत त्या लाल लुगड्यांचे तुकडे. पाडलेल्या घराच्या वाशांतून निघालेले गंजके खिळे. मासेमारीचे फाटके जाळे. चर्चमधील मेणबत्त्यांचे उरलेले मेण. बाजारात मिळणारा सोनेरी वर्ख. आणि पाने सुटी झालेले एक जुने मराठी प्रार्थनापुस्तक व त्याच अवस्थेतील नव्या कराराची एक प्रत.

पहिले तीन फलक नमुन्यादाखल करून पावसाळाभर घरातच ठेवले होते. आता त्यांतील वर्ख कडेने हिरवट पडला आहे, झावळीखाली बारीक पिवळा भुगा साचतो, आणि खिळ्याला टेकलेल्या कापडावर तपकिरी डाग उतरला आहे. उरलेल्या अकरा फलकांना हात घालण्यापूर्वी काही गोष्टींचा उलगडा करून घ्यावा असे वाटते. हे साहित्य किमान वीस-पंचवीस वर्षे टिकावे यासाठी काय करता येईल? शास्त्राची छापील पाने फाडून चिकटवणे कितपत योग्य आहे? आणि या वाटेने आधी गेलेल्या कोणत्या कलावंतांचे काम पाहावे? गावातील काही ज्येष्ठांना प्रभूच्या चित्राला भंगारातील वस्तू लावणे रुचलेले नाही. त्यांची समजूत घालण्यासाठी नव्हे, तर माझ्या स्वतःच्या मनाची बैठक पक्की व्हावी म्हणून हा शेवटचा प्रश्न विचारत आहे.

जुने_ते_जपावे

मी कागद आणि कापड यांच्या जतनाचे काम करतो, त्यामुळे केवळ टिकाऊपणाविषयी बोलतो. औचित्याविषयी इथे माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत.

आपल्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. वर्खापासून सुरुवात करू. बाजारात स्वस्तात मिळणारा सोनेरी वर्ख म्हणजे बहुधा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू, सोप्या शब्दांत पितळ. किनाऱ्याजवळच्या खारट, दमट हवेत तो काळवंडणार किंवा हिरवा पडणार, हे ठरलेलेच आहे. त्यावर लाखेचा किंवा ॲक्रिलिक रेझिनचा पातळ थर दिला तर ही क्रिया मंदावते. मात्र वर्ख लावल्यावर तो थर लगेच द्यायला हवा, आणि वर्खाच्या कडा त्याखाली पूर्ण झाकल्या गेल्या पाहिजेत, कारण हिरवटपणा कडेनेच आत शिरतो. खऱ्या सोन्याच्या वर्खाला हे काहीच लागत नाही. तो महाग असतो हे खरे, परंतु चौदा फलकांवर जिथे अगदी अत्यावश्यक आहे तिथे, बोटभर जागेत, खरा वर्ख लावणे हे हातभर पितळी चकाकीपेक्षा मला तरी अधिक शहाणपणाचे वाटते. चॉकलेटवरच्या सोनेरी कागदाचा विचार मनात असेल तर तो ॲल्युमिनियमवर दिलेला रंगीत थर असतो. धातू टिकतो, पण रंग उन्हाने उडून जातो.

झावळीतला पिवळा भुगा म्हणजे कीड आहे, आणि ती एका फलकावरून दुसऱ्यावर जाईल. म्हणून आधी ते तीन फलक बाकीच्या सामानापासून वेगळे ठेवा. नव्याने वापरायच्या झावळ्या, जाळे आणि कापड हे सर्व पूर्ण कोरडे करून जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधावे आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ते उणे २० अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. आतील वस्तू खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे साधारण एक दिवस, ती तशीच बंद राहू द्यावी. नाहीतर थंड वस्तूवर दव धरते आणि किडीऐवजी बुरशीला आमंत्रण मिळते. रॉकेल किंवा घरगुती कीटकनाशक फवारण्याचा मोह टाळावा, कारण त्याचे डाग कापडावरून निघत नाहीत.

आता खिळे. लोखंडाचा गंज कापडाला नुसता डागाळत नाही. लोहाचे क्षार सुती धागा आतून कुजवतात आणि काही वर्षांनी डागाच्या जागी नेमके भोक पडते. खिळे तारेच्या ब्रशने घासून सुटा गंज काढावा आणि टॅनिक आम्लाचे द्रावण दोन-तीन हात लावावे, म्हणजे उरलेला गंज निळसर काळ्या, स्थिर थरात बदलतो. आपल्याकडे हिरड्यातील टॅनिन आणि लोह यांच्यापासून शाई करत असत, तीच ही क्रिया आहे. खिळा पूर्ण वाळल्यावर त्यावर मेणाचा हात फिरवावा, आणि तरीही खिळा व कापड यांच्यामध्ये पॉलिस्टरच्या पारदर्शक फितीचा लहानसा तुकडा लपवावा.

कागदाबाबत थोडे निराश करणारे सांगावे लागेल. स्वस्त छपाईच्या कागदात लाकडातील लिग्निन शिल्लक असते; प्रकाशाने तो पिवळा पडणार आणि ठिसूळ होणार. आम्लता कमी करण्याचे उपाय आहेत, पण ते घरी करण्याजोगे नाहीत. मूळ पान मिटवून कोरड्या जागी ठेवणे आणि त्याची आम्लरहित कागदावर उत्तम रंगद्रव्याच्या शाईने काढलेली प्रत फलकावर लावणे, हा व्यवहार्य मार्ग आहे. मूळ पानच हवे असेल तर ते गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने पातळ जपानी कागदावर बसवावे आणि तो जपानी कागद फलकाला लावावा, म्हणजे उद्या कोणाला ते पान सोडवायचे झाले तर पाण्याच्या हबक्याने सुटेल. खळीला कीड आवडते, म्हणून तिचा थर पातळ असावा. पांढऱ्या सिंथेटिक गोंदाने चिकटवलेले पान मात्र पुढे फाडल्याखेरीज निघत नाही.

प्लायवूडविषयी एकच सांगतो. त्यातून आम्लयुक्त वाफा हळूहळू बाहेर पडत राहतात. दोन्ही बाजू आणि विशेषतः कापलेल्या चारही कडा ॲक्रिलिक प्रायमरने पूर्ण बंद कराव्यात, आणि फलक भिंतीला सपाट न टेकवता मागे लाकडी ठोकळे लावून बोटभर अंतर सोडावे. पावसाळ्यात भिंत पाझरते तेव्हा त्या अंतराचा उपयोग कळतो.

शेवटी, जिथे शिवता येईल तिथे चिकटवू नका. लुगड्याचा तुकडा आधी सुती कापडावर टाचून, ते सुती कापड फलकावर ताणून बसवले, तर गोंद मूळ कापडाला लागतच नाही. जाळ्याच्या बाबतीतही फलकाला बारीक छिद्रे पाडून दोऱ्याने बांधणे सर्वांत चांगले. ते दिसेलही चांगले, असे माझे मत आहे.

उत्तरवाट

आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण ज्येष्ठांच्या आक्षेपाचे उत्तर मला त्यातच दिसते.

चर्चमधील कला निखळ एकाच माध्यमाची अशी क्वचितच होती. जुन्या गोव्यातील बाँ जेझू बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष ज्या चांदीच्या पेटीत आहेत, ती गोव्यातील कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली. ती ज्या समाधीवर ठेवलेली आहे ती रंगीत संगमरवराची आणि कांस्याच्या फलकांची समाधी फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोवान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्या देखरेखीखाली तयार झाली, तस्कनीच्या ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोझिमोने ती पाठवली आणि १६९८ मध्ये ती गोव्यात उभी राहिली. एका देहाभोवती दोन खंडांतील हातांनी वेगवेगळ्या प्रकारचे द्रव्य रचले, आणि लोक त्याच्यासमोर प्रार्थना करत आले. जुन्या गोव्यातच सांता मोनिका मठाच्या वास्तूत असलेल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात हस्तिदंत, लाकूड आणि चांदी यांचे काम जवळून पाहता येते. इबेरियाकडून, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडून आलेल्या एका प्रकारच्या मूर्तीत तर केवळ चेहरा आणि हात कोरलेले असत, धडाच्या जागी लाकडी सांगाडा असे आणि त्यावर खरी वस्त्रे चढवली जात. तेव्हा आपल्या फलकावरील लुगडे या परंपरेला परके नाही.

भंगाराचा प्रश्न उरतोच. चांदी आणि हस्तिदंत ही मौल्यवान द्रव्ये आहेत, गंजका खिळा तसा नाही. यासाठी आपण जेम्स हॅम्प्टन या माणसाचे काम अवश्य पाहावे. तो १९०९ मध्ये अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात जन्मलेला कृष्णवर्णीय. वडील बॅप्टिस्ट प्रचारक होते. तरुणपणी तो वॉशिंग्टनला आला, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता, आणि १९४६ पासून मरेपर्यंत सरकारी इमारतींत रात्रपाळीचा सफाई कामगार म्हणून काम करत राहिला. १९५० मध्ये त्याने घराजवळ एक गॅरेज भाड्याने घेतले. रात्री काम संपले की तो तिथे जाई. १९६४ मध्ये तो वारला आणि भाडे थकल्यामुळे घरमालकाने दार उघडून पाहिले, तेव्हा आत सोनेरी-चंदेरी कागदाने मढवलेल्या सुमारे १८० वस्तू मांडलेल्या होत्या. मध्यभागी पंख असलेले सिंहासन, त्याच्या माथ्यावर ‘भिऊ नको’ या अर्थाचे इंग्रजी शब्द, आणि दोन्ही बाजूंना वेद्या, मुकुट, व्यासपीठे, पाट्या. आज ही रचना वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन अमेरिकन कलासंग्रहालयात आहे, आणि ‘द थ्रोन ऑफ द थर्ड हेवन ऑफ द नेशन्स मिलेनियम जनरल असेंब्ली’ असे तिचे लांबलचक नाव त्याने स्वतःच लिहून ठेवले होते.

ते सिंहासन म्हणजे प्रत्यक्षात काय आहे ते पाहण्यासारखे आहे. आत एक जुनी खुर्ची आहे. बाकीच्या वस्तूंच्या पोटात टाकून दिलेले टेबल, पुठ्ठा, विजेचे गेलेले दिवे, जॅमचे काचेचे पेले आणि कार्यालयातून टाकून दिलेले टीपकागद आहेत. मद्याच्या बाटल्यांवरचा, सिगारेटच्या पाकिटांतला आणि स्वयंपाकघरात वापरतात तो चकचकीत कागद त्याने त्यावर खिळे, टाचण्या आणि गोंद यांनी बसवला. प्रत्येक डाव्या वस्तूला उजवीकडे जोड आहे. सिंहासनाकडे तोंड करून उभे राहिल्यावर डावीकडचे नव्या कराराशी, येशूशी, आणि उजवीकडचे जुन्या कराराशी, मोशेशी जोडलेले आहे, हे त्याच्या पाट्यांवरून कळते. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकातील दृश्य त्याच्या डोळ्यांसमोर होते. ज्या इमारती तो झाडत होता तिथे निरुपयोगी ठरलेल्या वस्तूंपासून त्याने प्रभूच्या पुनरागमनासाठी आसन तयार केले.

इथे माझे स्वतःचे मत मांडतो. हॅम्प्टनच्या कामात वस्तू ‘प्रतीक’ म्हणून आलेल्या नाहीत. दिवा हा ज्ञानाचे प्रतीक वगैरे नाही. तो कोपऱ्यावर गोल उंचवटा हवा होता म्हणून तिथे आहे. वस्तू कुठून आली हे त्याच्या आयुष्यात ठरलेले होते, आणि ती कुठे बसवायची हे रचनेने ठरवले. आपल्या यादीकडे पाहिले तर झावळी, लुगडे, जाळे, खिळे, मेण, वर्ख, शास्त्राचे पान अशी प्रत्येक वस्तू आधीच अर्थाने भरलेली आहे. सात अर्थ एका दीड फुटी फलकावर एकदम बोलू लागले तर उभा राहणारा माणूस प्रार्थना करणार नाही, कोडे सोडवत बसेल. एका फलकावर एक वस्तू, फार तर दोन, एवढे बंधन घालून पाहावे, असे मला सुचवावेसे वाटते. बाकी फलकभर रंग असू द्या.

जवळच्या कलावंतांपैकी दोघांचा उल्लेख करतो. गोव्यातील साळगावात १९२४ मध्ये जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा हे मिश्र माध्यमासाठी नव्हे, तर निर्भीडपणासाठी पाहावेत. लंडनच्या टेट संग्रहातील त्यांचे १९५९ चे ‘क्रुसिफिक्शन’ पाहिल्यावर गोड, गोजिरवाणा येशू काढणे कठीण होते. पुढे त्यांनी मासिकांच्या छापील पानांवर रसायन लावून शाई विरघळवण्याचे आणि त्यातूनच चित्र काढण्याचे तंत्र वापरले. छापील कागदाचे काय करावे या आपल्या प्रश्नाला तेही एक उत्तर आहे. दुसरे आंजेलो द फोन्सेका, जन्म १९०२, गोव्यातील सांतो इस्तेव्हांव. त्यांनी शांतिनिकेतनात शिक्षण घेतले, मरियेला साडीत रंगवले म्हणून गोव्यात त्यांना विरोध झाला, आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी आयुष्यभर काम केले. त्यांचे बहुतेक काम जलरंगांतले आहे, त्यामुळे साहित्याच्या दृष्टीने आपल्याला काही मिळणार नाही. मात्र मरियेच्या डोक्यावरचा पदर किती साधेपणाने, एका रेषेत काढता येतो, हे लुगडे चिकटवण्यापूर्वी एकदा पाहून ठेवावे. पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेकडे त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे.

घंटानाद

मी अनेक वर्षे धर्मग्रामाच्या उपासना समितीत काम करतो. वरील दोन्ही प्रतिसाद वाचून काही व्यावहारिक गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

क्रुसाच्या वाटेची स्थाने चौदाच असावीत, हे १७३१ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी निश्चित केले. स्थानांच्या विधिवत स्थापनेसाठी आवश्यक असतात ते चौदा क्रूस. चित्रे किंवा शिल्पे ही भक्तीला साहाय्य म्हणून त्यांच्या जोडीला येतात. म्हणून प्रत्येक फलकाच्या वर एक साधा लाकडी क्रूस अवश्य बसवावा, आणि त्याला वर्ख, जाळे वगैरे काहीही लावू नये. हा क्रूस सर्व फलकांवर एकाच जागी असला की समोर उभ्या राहणाऱ्याला डोळा कुठे टेकवायचा हे कळते, आणि फादरांच्या अटीचा निम्मा भाग तिथेच पुरा होतो. स्थानाचा अंक मोठा आणि मराठीत असावा, कारण मागच्या रांगेतील माणूस आधी अंक शोधतो.

झावळ्या आशीर्वादित आहेत, हे लक्षात घ्यावे. जुन्या झावळ्या चर्चमध्ये परत देण्याची आणि त्या जाळून राखेच्या बुधवारची, म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी कपाळाला लावायची, राख करण्याची प्रथा आहे. त्या फलकावर वापरू नयेत असे कोणी म्हणणार नाही, परंतु कापताना उरलेले तुकडे कचऱ्यात न टाकता चर्चमध्ये द्यावेत किंवा मातीत पुरावेत. प्रार्थनापुस्तकाच्या उरलेल्या पानांचेही तसेच करावे. ज्येष्ठांचा रोष पुष्कळदा कलाकृतीवर नसतो; वस्तू कशी हाताळली गेली यावर असतो. तुम्ही उरलेले तुकडे राखेसाठी आणून दिलेत हे त्यांना दिसले की बोलणे आपोआप कमी होईल.

शास्त्राच्या पानांविषयी एक अडचण आहे, जी इथे अजून कोणी मांडलेली नाही. चौदांपैकी काही स्थानांना शुभवर्तमानात आधारच नाही. प्रभू तीन वेळा पडतो, ती तिसरी, सातवी आणि नववी स्थाने. मातेची भेट हे चौथे. व्हेरोनिका नावाची स्त्री कापडाने प्रभूचा चेहरा पुसते ते सहावे. ही परंपरेने आलेली आहेत. (याच कारणाने पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ मध्ये रोमच्या कोलोसियममध्ये केवळ शास्त्राधारित स्थानांची क्रुसाची वाट केली.) मग सहाव्या फलकावर नव्या करारातील कोणते पान लावणार? दुसरे कोणते तरी लावले तर ते केवळ नक्षीसाठी आले, असा त्याचा अर्थ होतो.

त्याउलट, काही स्थाने स्वतःच साहित्य मागतात. सहाव्या स्थानाचा विषयच कापड आहे आणि दहाव्या स्थानी प्रभूची वस्त्रे काढून घेतली जातात. लुगडे फक्त या दोन ठिकाणी यावे: सहाव्यात ते पुढे धरलेले असावे, दहाव्यात जमिनीवर पडलेले. आठव्या स्थानी यरुशलेमच्या स्त्रिया आहेत, तिथे लाल लुगडे लावण्याचा मोह होईल, पण ते तिथे रंगानेच काढावे असे मला वाटते, म्हणजे सहाव्या आणि दहाव्या स्थानी प्रत्यक्ष कापड भेटल्यावर ते जाणवेल. खिळे अकराव्या स्थानी. तेराव्या स्थानी प्रभूला क्रुसावरून खाली उतरवतात, आणि अकराव्यात ठोकलेल्या खिळ्यांची रिकामी भोके तेराव्याच्या लाकडात दिसावीत, एवढेच पुरे. झावळी पहिल्या स्थानी यावी: ज्या शहरात गर्दीने झावळ्या हलवल्या त्याच शहरात रोमन सुभेदार पिलात निकाल देतो. जाळे कुठे बसवावे हे मला सुचत नाही. ते गालीलच्या सरोवराशी, शिष्यांच्या पाचारणाशी जोडलेले आहे, आणि या वाटेवर शिष्य तर पळून गेलेले आहेत.

नगरचा_वाचक

मी प्रोटेस्टंट आहे. आमच्या मंडळीत अशा स्थानांची परंपरा नाही आणि आम्ही ‘वधस्तंभ’ हाच शब्द अधिक वापरतो. तरीही शास्त्राच्या पानाचा विषय निघाला म्हणून लिहीत आहे.

वचन हे वाचण्यासाठी असते. ते फलकावर अर्धवट रंगाखाली, तिरके, फाटलेले लावले म्हणजे त्याचा पोत तेवढा उरतो आणि वचन हरवते. पान फाडण्यातील अनादरापेक्षा मला हे अधिक खटकते. आमच्या आजोबांच्या बायबलमध्ये समासात पेन्सिलीने तारखा आणि नावे लिहिलेली आहेत. घरातील कोणाचा बाप्तिस्मा कधी झाला, कोण कोणत्या साथीत गेले, हे त्यात सापडते. आपल्या जुन्या प्रतीत असे काही असेल तर ती प्रत मुळीच मोडू नये. चौदा फलकांपेक्षा तिचे मोल पुढच्या पिढीला जास्त वाटेल.

शब्द हवेच असतील तर हाताने लिहावेत. ‘उत्तरवाट’ यांनी सांगितलेल्या त्या सफाई कामगारानेही सिंहासनावर शब्द ठळक लिहिलेच आहेत. एक ओळ, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, आणि ज्या स्थानांना शास्त्राचा आधार आहे तेवढ्याच फलकांवर लिहावी. बाकीच्या फलकांवर शब्द नसले तरी काही बिघडत नाही. उलट कोणती स्थाने वचनातून आली आणि कोणती लोकांच्या भक्तीतून आली, हे न सांगता कळेल. कॅथॉलिक बंधूंना हा भेद दाखवणे कदाचित आवडणार नाही, पण मला तो प्रामाणिक वाटतो.

घंटानाद

आवडणार नाही असे नाही. आमच्या पुस्तिकांतही प्रत्येक स्थानापूर्वी वाचन असतेच, आणि परंपरेतील स्थानांसाठी स्तोत्रसंहितेतील किंवा यशयातील उतारा घेतात. त्यामुळे सर्व चौदा फलकांवर ओळ लिहिता येईल. परंतु काही फलक निःशब्द ठेवण्याची कल्पना चांगली आहे. विशेषतः चौथा. मातेच्या भेटीपाशी लोक तसेही बोलत नाहीत.

रंगपेटी

सर्वांचे मनापासून आभार. यातून काही निर्णय झाले आहेत. नव्या कराराची प्रत मी मोडणार नाही. तिच्या पहिल्या पानावर दोन नावे आणि एक तारीख आहेच, आणि ती आता घरच्या कपाटातच राहील. ओळी हाताने लिहीन. लुगडे सहाव्या आणि दहाव्या स्थानापुरते, खिळे अकराव्यापुरते, आणि जाळे या मालिकेतून वगळले. तीन तयार फलकांपैकी पहिला, झावळीचा, नव्याने करावा लागेल. दुसरा आणि तिसरा मात्र वर्ख खरवडून वापरता येतील असे दिसते. वर्ख आता फक्त चौदाव्या फलकावर, कबरीच्या दाराच्या कडेला, खऱ्या सोन्याचा आणि तोही सुतळीच्या जाडीचा असेल.

एक प्रश्न राहतो. बाराव्या स्थानासाठी, प्रभूच्या मृत्यूच्या फलकासाठी, मला चर्चमधील मेणबत्त्यांचे मेण वापरायचे आहे. पूर्ण फलक काळसर रंगवून त्यावर वरून मेण ओघळू द्यावे, अशी कल्पना आहे. आमच्या सभागृहाचे छप्पर पत्र्याचे आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत आत चांगलेच तापते. ते मेण टिकेल का?

जुने_ते_जपावे

चर्चमध्ये वापरतात त्या बहुतेक मेणबत्त्या पॅराफिनच्या असतात. पॅराफिन साधारण ५० ते ६० अंशांच्या दरम्यान वितळते, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते, आणि मऊ मेणावर बसलेली धूळ पुन्हा निघत नाही. पत्र्याखाली, भिंतीच्या वरच्या भागात, उन्हाळ्यात धोका नक्की आहे. शुद्ध मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते आणि त्यात थोडी डॅमर राळ मिसळली की ते अधिक कठीण होते. गरम मेणात रंगद्रव्य कालवून रंगवण्याची प्राचीन पद्धत आज याच मिश्रणावर चालते. आपल्याकडील पॅराफिनचा अंश भावनेपुरता ठेवून बाकी मधमाश्यांचे मेण घ्यावे.

दुसरी गोष्ट अशी की ॲक्रिलिक रंगाच्या गुळगुळीत थरावर मेण धरत नाही, काही महिन्यांत त्याचे पापुद्रे सुटतात. या एका फलकाला ॲक्रिलिक प्रायमर फक्त मागे आणि कडांना द्यावा. पुढच्या बाजूला खडूची भुकटी आणि सरस यांचे पारंपरिक अस्तर द्यावे, काळा रंगही त्यावर पातळ आणि शोषक ठेवावा. मेण ओघळल्यावर हेअर ड्रायरने दुरूनच हलकी ऊब द्यावी, म्हणजे ते अस्तरात थोडे मुरेल. वरून वार्निश मात्र लावू नये. फलक सभागृहात जितका खाली आणि दारापासून जितका लांब लावता येईल तितका लावा. आणि सभागृहात मेणबत्त्या लावणार असाल तर त्या बाराव्या फलकाखाली तर नकोच, पण झावळी असलेल्या पहिल्या फलकाखालीही नकोत.